आंघोळीची वीस मिनिटे



आमच्या दवाखान्यात एक दृश्य मी गेली अठ्ठावीस वर्षे पाहत आलो आहे. ताप आलेले लहान मूल घेऊन तीन माणसे आत येतात. मूल आजीच्या कडेवर असते, आईच्या हातात फाइल असते आणि वडिलांच्या हातात मोबाइल व गाडीची किल्ली. मी विचारतो, "रात्री नीट झोपला का? दूध किती घेतले? शी कशी झाली?" प्रश्न मी आईवडिलांकडे पाहून विचारलेला असतो, परंतु दोघांच्याही माना एकाच वेळी आजीकडे वळतात. आजी उत्तर देते, तेही घड्याळातल्या वेळेसकट. निदानासाठी मला तेवढे पुरते. त्यामुळे या वळणाऱ्या मानांविषयी मी कित्येक दिवस काही विचारच केला नव्हता.

मग एके दिवशी माझीच मान तशी वळली.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. पावसाळ्याचे दिवस होते आणि तिला जुलाब व उलट्या सुरू झाल्या. घरच्या मुलावर आपण स्वतः उपचार करू नयेत, हा नियम मी पाळत असे; म्हणून तिला एका बालरोगतज्ज्ञ मित्राकडे नेले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची शू कधी झाली?" शरीरातील पाणी किती कमी झाले आहे, हे ताडण्यासाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. मी स्वतः तो इतरांना दिवसातून चार वेळा विचारत होतो. मला उत्तर ठाऊक नव्हते. त्याने वजन विचारले. मी म्हणालो, "बारा किलो असेल." मागून आईचा आवाज आला, "साडेअकरा. गेल्या महिन्यात लस टोचायला नेली होती, तेव्हा काट्यावर पाहिले मी. आणि शू पहाटे पाचला झाली, मग आत्ता निघताना थोडीशी." मित्र हसला नाही, काही बोललाही नाही. त्याने कागदावर साडेअकरा लिहिले.

मुलगी जलसंजीवनीने दोन दिवसांत खेळू लागली. मला मात्र तो लिहिलेला आकडा बरेच दिवस दिसत राहिला.

आता माझ्या त्या वेळच्या दिनक्रमाचा हिशेब मांडतो. आमचे घर आणि दवाखाना दोन्ही डोंबिवलीत. दवाखाना सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी सहा ते दहा. पत्नी फोर्टातील एका बँकेत नोकरीला. डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको, की गाडीत तास-सव्वा तास, त्याशिवाय स्टेशनापर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची पायपीट. ती पावणेआठला घर सोडी आणि साडेसातपर्यंत परते. निदान मुलीला भरवण्याचा वेळ तिच्या वाट्याला येई. मी रात्री सव्वादहाला घरी येई, तेव्हा मुलगी झोपलेली. दुपारी येई तेव्हाही झोपलेली. "लेकीसाठी वेळच मिळत नाही," असे मी भेटेल त्याला सांगत असे, आणि ते मला खरेही वाटत असे. परंतु सकाळी सात ते नऊ मी घरातच असे! चहा, वर्तमानपत्र, दाढी, दोन-चार फोन. त्याच वेळी आई मुलीला घेऊन न्हाणीघरात जाई आणि दार लावून घेई. का, तर रात्री उशिरा आलेल्या मुलाला सकाळी निवांतपणे वर्तमानपत्र वाचता यावे.

लहान मुलांच्या घरात कुटुंबासाठी वेळ कसा काढावा, याविषयीचे लेख सहसा तरुण आईवडिलांना उद्देशून लिहिलेले असतात. मी आज तुम्हाला, म्हणजे आजी-आजोबांना लिहीत आहे, त्याचे कारण हेच. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत मुलाच्या दिवसाचे घड्याळ तुमच्या हाती आहे. मूल कधी उठणार, कधी जेवणार, कधी झोपणार, हे तुम्ही ठरवता. मुलगा आणि सून दमून येतात म्हणून ती येण्यापूर्वी तुम्ही मुलाला जेवू घालता, हातपाय धुता, झोपवता. यामागे केवळ माया असते. परंतु त्या मायेपोटी घरातील कामांबरोबर त्या दोघांच्या वाट्याचे मूलही उरकले जाते.

ही वेळ येते कशी, तेही पाहा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. पूर्वी ती १२ आठवडे होती. सुधारणा मोठीच आहे. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. नेमके त्याच सुमारास बाळाचे वरचे अन्न सुरू होते, आणि आणखी दोन-तीन महिन्यांत ते ओळखीचे-अनोळखी चेहरे वेगळे करू लागते, जवळचे माणूस दिसेनासे झाले की रडू लागते. आई कामावर परतते ती अशा वेळी. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी, असेही त्याच दुरुस्तीत आहे. माझ्या रुग्णांच्या घरी मात्र मी पाळणाघर म्हणून आजीच पाहिली आहे.

माझ्या आईने जे केले ते सांगतो. मुलीच्या त्या आजारानंतर आठवड्याभराने, एका सकाळी ती टॉवेल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझे मनगट दुखते आहे. आजपासून हिची आंघोळ तू घाल."

मनगट खरोखरच दुखत होते. मुलाला काखेत धरून वारंवार उचलणाऱ्या आया-आज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूज येते. कपडे पिळतानाही कळ निघते. मी आईला पट्टा आणून दिला होता, मलम दिले होते आणि "उचलणे बंद कर" असा वैद्यकीय सल्लाही दिला होता. तिने उचलायचे नाही तर मग कोणी उचलायचे, हे मात्र सांगितले नव्हते.

पहिल्या दिवशीची आंघोळ लिहिण्यासारखी नाही. पाणी कढत झाले, मग फार गार झाले. साबण डोळ्यांत गेला. "आजी हवी, आजीच हवी" असा टाहो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला असेल. आई आत आली नाही. पुढे अनेक वर्षांनी तिने सांगितले, की ती बाहेर कडीवर हात ठेवून उभी होती. चार दिवस असेच गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी मला मुठीतून साबणाचे फुगे काढता येतात, हा शोध मुलीला लागला आणि आमचे सूत जमले. दुसऱ्या आठवड्यापासून ती बोलू लागली. पाण्याचा तांब्या अंगावर पडत असताना मुले किती बोलतात, हे मला तोवर माहीत नव्हते. बालवाडीतल्या बाईंची साडी, भिंतीवरचे मांजर, कोणाचा डबा कोणी खाल्ला, सगळे काही. मी काहीच विचारत नव्हतो. वीस मिनिटांचे काम. पण त्या वीस मिनिटांत माझे दोन्ही हात ओले असत, त्यामुळे वर्तमानपत्र नाही आणि फोनही नाही.

आजच्या काळात हे ओले हात फार मोलाचे आहेत, असे मला वाटते. आईवडील घरी असूनही हाती मोबाइल असेल, तर मुलाच्या लेखी ते घरी नसतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये बालसंगोपनाविषयी जी मांडणी केली, तीत आरोग्य, आहार, सुरक्षितता आणि शिकण्याच्या संधी यांच्या जोडीने प्रतिसाद देणारे संगोपन ही पाचवी गोष्ट मानली आहे. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. बाळ हुंकार देते, आपण त्याला उत्तर देतो; ते बोट दाखवते, आपण तिकडे पाहतो आणि "काऊ" म्हणतो; ते हसते, पुन्हा बोट दाखवते. ही देवाणघेवाण दिवसात पुष्कळदा व्हावी लागते. मेंदूच्या वाढीचा वेग पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो आणि मेंदूतील जोडण्या पक्क्या होण्यास अशी देवाणघेवाण कारणी लागते. तुम्ही दिवसभर ती करताच. मुलाची ती हौस आईवडिलांबरोबरही थोडी भागावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी दिवसच्या दिवस लागत नाही. रोजचे एक ठरलेले काम पुरते.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. मुलाच्या दिनक्रमातील एक काम, फक्त एकच, मुलाच्या आईवडिलांसाठी राखून ठेवा आणि काहीही झाले तरी ते स्वतः उरकू नका. आंघोळ असेल, सकाळचे दात घासणे आणि दूध असेल, रात्रीची गोष्ट असेल. शक्यतो अभ्यास नको. त्यात लवकर आवाज चढतात. आणि ते काम देताना केवळ सुनेला देऊ नका. आमच्या घरांत हस्तांतर नेहमी आजीकडून सुनेकडे होते आणि मुलगा वर्तमानपत्रासह सुरक्षित राहतो. मी स्वतः त्या सुरक्षित जागेवर बसलेला आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

गेल्या वर्षी एक बाई रक्तदाब वाढला म्हणून आल्या. वय सदुसष्ट, इतकी वर्षे एका गोळीवर दाब उत्तम होता, आणि आता १६२/९६. आहार तोच, मीठ तेवढेच. "संध्याकाळचे फिरणे?" असे विचारल्यावर त्या हसल्या. नात तीन वर्षांची. सहा वाजता तिला खाली बागेत न्यायचे, सातला परत, साडेसातला भरवायचे, आठला झोपवायचे. सून सव्वाआठला येते, मुलगा नऊला. बाईंची रात्रीची गोळी साडेआठची. ती नातीला थोपटता थोपटता त्यांनाही डोळा लागल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा राहून जात होती. "सून दमून येते हो डॉक्टर. पोर झोपलेली असली म्हणजे तिला दोन घास सुखाने खाता येतात." मी सुनेला भेटलो तेव्हा तिने वेगळेच सांगितले. ती म्हणाली, "मी रोज गाडीत उभी राहून हाच विचार करते, की आज तरी जागी असेल का."

दोघीही एकमेकींवरील मायेमुळेच गप्प होत्या.

आम्ही मग घड्याळ थोडे सरकवले. नातीची दुपारची झोप दोन तासांवरून एका तासावर आणली आणि रात्रीची वेळ आठऐवजी नऊ केली. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात सर्व मिळून १० ते १३ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. नऊला झोपून सातला उठणे आणि दुपारचा एक तास, म्हणजे अकरा तास झाले. चालते. परंतु कोणी अकराला घरी येत असेल, तर मुलाला त्याच्यासाठी तोवर जागवू नका. चिडचिड, हट्ट आणि सर्दी-खोकल्याची माळ लागते. अशा घरात सकाळ वापरावी. आणि मूल जागे राहावे म्हणून मधल्या वेळात आजोबांचा मोबाइल हाती देणे, हे तर मुळीच नको. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दूरच्या नातलगांशी कधीतरी केलेला व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही सांगणे आहे.

आता दाराची गोष्ट. हे मी अनेक घरांत ऐकले आहे. दिवसभर आजीचे निमूट ऐकणारे मूल आई दारात दिसताच भोकाड पसरते, चप्पल फेकते, जेवायचे नाही म्हणते. मग आजी सहजच बोलून जाते, "दिवसभर किती शहाणी होती! तू आलीस आणि हिचे सुरू झाले." आजीच्या मनात काही नसते, पण सुनेला त्याचा अर्थ असा लागतो, की मी नसते तेव्हाच हे मूल सुखात असते. वास्तविक मामला उलटा आहे. मुलाने दिवसभर स्वतःला आवरून धरलेले असते, आणि जिथे सर्वांत हक्काचे वाटते तिथे ते मोकळे होते. आपणही ऑफिसातला राग घरी येऊन काढतोच की. तेव्हा ते वाक्य तेवढे गिळावे. त्याचप्रमाणे दिवसभराचा पाढा, म्हणजे वरण सांडले, शेजारच्या मुलाला ढकलले, औषध थुंकले, हा दारातच वाचू नये. ताप किंवा दुखापत असेल तर लगेच सांगा. बाकीचे तासाभराने सांगितले तरी काही बिघडत नाही. तोवर आलेल्या माणसाला पाणी द्या आणि मूल त्याच्या हवाली करा.

या गडबडीच्या वेळेविषयी एक डॉक्टरी सूचना आत्ताच करून टाकतो, नाहीतर राहून जाईल. संध्याकाळी तुमच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर उघडा असतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेली, तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तशाच. डबा वरच्या कपाटात, कडी लावून ठेवा. अशी शंका आली, तर मूल ठीक दिसत असले तरी लगेच रुग्णालयात न्या आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्या.

सर्वांच्याच नोकऱ्या सव्वाआठला संपत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक-वाहक, कारखान्यातील तिन्ही पाळ्यांची माणसे माझ्याकडे येतात. त्यांना रोजची एकच वेळ सांगणे म्हणजे थट्टाच होईल. अशा घरांत वेळ ठरवण्याऐवजी काम ठरवावे: बाबा ज्या दिवशी घरी, त्या दिवशी नखे तेच कापणार, केस तेच धुणार. एका वाहकाच्या घरी हे मी पाहिले आहे. त्यांचा मुलगा आजीला नखांना हातही लावू देत नाही. सुट्टीच्या दिवशीही मुलाला कुठे मोठ्या ठिकाणी नेलेच पाहिजे असे नाही. मटार सोलणे, मंडईत पिशवी धरणे, गच्चीवर कपडे वाळत घालणे, यातही त्याचे मन रमते. दर रविवारी खेळण्याच्या दुकानातून भरपाई करणाऱ्या वडिलांना मी हेच सांगतो. ते मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा बॅटरीची गाडी आणतात.

आणि आता तुमचा प्रश्न, जो तुम्ही मोठ्याने विचारत नाही. त्या बाईंनी तो विचारला होता. सगळे ठरल्यावर उठता उठता त्या म्हणाल्या, "मग माझे काय काम उरले, डॉक्टर?" याला मी खोटे उत्तर देणार नाही. थोडे गमावल्यासारखे वाटते. माझ्या आईलाही वाटले असणार. अडीच वर्षे जे अंग तिने चोळले, ते एका सकाळी तिने दुसऱ्याच्या हाती दिले, आणि तो दुसरा ते धड करतही नव्हता. मुलीच्या पाठीवर राहिलेले तेल ती दुपारी गुपचूप पुसत असे. मला कधी बोलली नाही. तुम्हीही पहिले काही दिवस सूचना करू नका, शक्य असेल तर त्या वेळी घरातच थांबू नका. खाली जा, दोन फेऱ्या मारा, मंदिरात जा, कोणाशी चार शब्द बोला. नाहीतरी साठीनंतर आठवड्याला १५० मिनिटांचे भरभर चालणे असावे, असे आम्ही डॉक्टर सांगत असतो आणि तुम्ही "नातवामुळे जमत नाही" म्हणता. रोजची ती वीस-पंचवीस मिनिटे येथेच सापडतात.

त्या बाई गेल्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. संध्याकाळी साडेआठला सून आणि नात न्हाणीघरात असतात, तेव्हा त्या गोळी घेतात आणि सोसायटीच्या आवारात चालतात. मुलगाही नऊला येऊन गोष्ट सांगतो, एकच गोष्ट रोज, कारण त्याला दुसरी येत नाही. मी पट्टा बांधून दाब पाहिला. १३४/८२.

"बाकी काही तक्रार?" मी विचारले.

"मला नाही हो. पण सून आंघोळ घालते ना, कानामागे साबण तसाच राहतो. मी रोज बघते."

"काही बोललात?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "दाराबाहेर चपला घालून उभी असते मी. निघते लगेच."

गोळी तीच चालू ठेवली आहे.